शनिवार-रविवारच्या कार्यशाळेची बाजू

दोन दिवसांची फोटोग्राफी कार्यशाळा म्हणजे हौशी माणसाच्या खिशाला कात्री, असं मत अलीकडे फार ठामपणे मांडलं जातं. मांडणारे बहुतेक या क्षेत्रात मुरलेले असतात, त्यामुळे लोक ते ऐकून घेतात आणि पुढे चार जणांना सांगतातही. परवा एका प्रदर्शनाच्या उद्घाटनात एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी भाषणात हेच सांगितलं. त्यांचं नाव इथे घेत नाही, कारण वाद त्यांच्याशी नसून त्यांच्या मताशी आहे. मुद्दे तीन होते. गाण्याला लागतो तसा याला रियाज लागतो, दोन दिवसांत काही येत नाही. तांत्रिक माहिती म्हणाल तर ती सगळी यूट्यूबवर फुकट आहे. आणि नजर शिकवून येत नाही. ती असते तरी किंवा नसते तरी. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये गळ्यात नवा कॅमेरा अडकवलेली बरीच तरुण मुलं होती. हे तिन्ही मुद्दे मनावर घेऊन ती मुलं घरी गेली, याची मला काळजी वाटते. म्हणून हे लिहितो आहे. मी स्वतः अशा कार्यशाळांमध्ये शिकलो आणि आता शिकवतोही. तेव्हा यात माझा स्वार्थ आहे असं कुणाला वाटलं तर वाटू द्या, पण मुद्दे तपासून पाहा.

रियाज लागतो, याबद्दल वादच नाही. पण रियाज कशाचा करायचा आणि आपलं नेमकं कुठे चुकतंय, हे कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं. षड्ज किंचित खाली लागतोय हे शिकणाऱ्याला स्वतःलाच ऐकू येत असतं, तर गुरूची गरजच पडली नसती. चुकीच्या सुरावर वर्षभर मेहनत केली की ती चूक गळ्यात घट्ट बसते आणि मग काढायला दुप्पट वेळ जातो. त्या भाषणात रियाज होता, गुरू कुठेच नव्हता.

एक उदाहरण देतो. एका कार्यशाळेत एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. चांगला कॅमेरा, चांगली लेन्स, पण फोटो सगळे हललेले. त्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावतच नव्हत्या. आतलं चित्र धूसर दिसतं म्हणून मागच्या स्क्रीनवर बघून, हात लांब करून फोटो काढायच्या. कॅमेऱ्यात दोष आहे अशी त्यांची पक्की समजूत होती आणि तो विकायचं त्यांच्या मनात चाललं होतं. व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक चिमुकलं चाक असतं, डायऑप्टरचं. आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे ते फिरवून घ्यायचं असतं. ते फिरवलं आणि आतलं चित्र लख्ख झालं. कॅमेरा डोळ्याला टेकला, कोपरं छातीशी आली, हात स्थिर झाले, आणि पुढच्या फोटोत पानावरची शीर न् शीर दिसली. बाईंनी घरी आणखी पाच वर्षं रियाज केला असता, तरी तो हात लांब करून फोटो काढण्याचाच झाला असता. चाक कुठे आहे हे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत छापलेलं असतंच. पण आपली अडचण त्या चाकाशी निगडित आहे हे ठाऊक नसलेला माणूस ते पान उघडणार कशाला?

यूट्यूबचा मुद्दाही इथेच येऊन अडतो. तिथे उत्तम शिकवणारे लोक आहेत, मराठीतही आहेत, आणि मी स्वतः त्यांच्याकडून शिकत असतो. अॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ यांचं नातं समजावून घ्यायला कुणी पैसे मोजून कार्यशाळेला जाऊ नये, हे मी आनंदानं मान्य करतो. ते घरूनच शिकून यावं. पण व्हिडिओ तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो तो तुम्हाला प्रश्न नीट विचारता आला तर. नवशिक्याची अडचण तिथेच असते. काहीतरी बिघडलंय एवढं त्याला दिसतं; काय बिघडलंय ते त्याला सांगता येत नाही.

पुण्यातल्या कार्यशाळेत आम्ही सकाळी महात्मा फुले मंडईत जातो. १८८६ सालची इमारत, उंच छत, वरून उतरणारा मऊ उजेड, आणि खाली गाळ्यागाळ्यांवर टांगलेले एलईडी दिवे. एका मुलानं कांदा वर उडवून झेलणाऱ्या विक्रेत्याचा फोटो घेतला, शटर १/५०० वर ठेवून. फोटोत आडवे काळपट पट्टे आले. पुन्हा घेतला, पुन्हा पट्टे. सेन्सर गेला, असं म्हणून तो घाबराघुबरा झाला. खरं कारण विजेत होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण १/५०० ला सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जात असताना काही ओळींना प्रखर उजेड मिळतो, काहींना मंद. त्याला शटर १/१०० वर आणायला सांगितलं. पट्टे गेले. मग पुढचा प्रश्न त्यानं आपणहून विचारला, की १/१०० ला उडणारा कांदा फराटल्यासारखा दिसतोय, त्याचं काय करायचं? दिव्यापासून दूर, दाराच्या उजेडात ये, हे उत्तर. तो विक्रेत्याशी बोलला, विक्रेता हसत दाराशी आला, आणि १/५०० ला कांदा हवेत थांबला. या सगळ्याला जेमतेम दहा मिनिटं लागली असतील. यूट्यूबवर हे सापडलं नसतं असं मी म्हणत नाही. पण शोधायला शब्द काय टाकायचा, हे त्या मुलाला मंडईत उभं असताना ठाऊक नव्हतं, आणि घरी पोहोचेपर्यंत ना विक्रेता समोर असतो, ना तो उजेड.

एक प्रयोग मी प्रत्येक वेळी करतो, कारण त्यानं लोकांची कॅमेऱ्यावरची आंधळी श्रद्धा एका झटक्यात उतरते. मोकळ्या सावलीत जमिनीवर एक काळं घोंगडं आणि एक पांढरा पंचा शेजारी शेजारी अंथरायचा. कॅमेरा ऑटोवर. आधी फक्त घोंगडं फ्रेमभर भरून एक फोटो, मग फक्त पंचा भरून दुसरा. दोन्ही फोटो जवळपास सारख्याच करड्या रंगाचे येतात. घोंगडं उजळून राखाडी होतं, पंचा मळून राखाडी होतो. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं गृहीत धरून हिशेब करतं. साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारी ती छटा. समोर काय आहे, याची त्याला कल्पना नसते. म्हणूनच दिवे घाटात पांढऱ्या शुभ्र कपड्यांतल्या वारकऱ्यांचे हजारो फोटो दरवर्षी मळकट निघतात आणि काढणारा पावसाळी हवेला दोष देतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक स्टॉप वर नेलं की पांढरं पांढरं होतं. घोंगड्यासाठी ते खाली आणायचं. हे वाचून तुम्हाला पटलं असेल, पण पुढच्या वारीत बोट त्या बटणाकडे जाईल का? स्वतःच्या कॅमेऱ्यानं, स्वतःच्या हातानं तो करडा पंचा ज्यानं काढलाय, त्याचं जातं. कित्येक वर्षांनंतर भेटणारे लोक मला पंच्याचीच आठवण सांगतात.

‘दोन दिवसांत काही येत नाही’ या म्हणण्यामागे एक खरी आठवण आहे, असं मला वाटतं. ही मंडळी फिल्मवर शिकली. ३६ फ्रेमचा रोल संपवायचा, तो धुवायला द्यायचा, प्रिंट हातात यायला दिवस जायचे, आणि तोवर त्या दिवशी अॅपर्चर काय ठेवलं होतं ते वहीत लिहिलं नसेल तर विसरलेलं असायचं. चूक आणि तिचं ज्ञान यांच्यात आठवडा जायचा. त्या काळात दोन दिवस खरंच अपुरे होते. पण १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्या यंत्राला एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद लागायचे, आणि आज कॅमेरा तेच काम पापणी लवायच्या आत करतो. म्हणजे चूक केली, पाहिली, समजून घेतली, सुधारली, असा पूर्ण फेरा एका मिनिटात होतो. दोन दिवसांत असे शेकडो फेरे होतात. शिकण्याचा वेग ज्या कारणानं बदलला ते कारण लक्षात न घेता जुनं मोजमाप नव्या माणसाला लावणं अन्यायाचं आहे.

अर्थात मागचा स्क्रीन पाहणंही शिकावं लागतं. भर उन्हात तो काळवंडलेला दिसतो म्हणून लोक एक्स्पोजर वाढवतात, रात्री झगझगीत दिसतो म्हणून कमी करतात, आणि दोन्ही वेळा फसतात. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहायचा, हे सांगितलेलं सगळ्यांना आठवतं. तो उजव्या भिंतीला आदळलाय म्हणजे नवरीच्या शालूवरची जर कायमची गेली, हे एकदा घडल्यावरच पक्कं होतं. ते कार्यशाळेत घडलेलं बरं.

आता नजर. या मुद्द्याचा मला खरा राग आहे, कारण तो शिकू पाहणाऱ्याला दारातूनच परत पाठवतो. नजर उपजत असेल तर ज्याला ती नाही त्यानं कॅमेरा ठेवून द्यावा, एवढाच त्याचा अर्थ होतो. आपला इतिहास वेगळं सांगतो. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, म्हणजे ही कला या देशात रुजत होती तेव्हाच ती शिकवायची गोष्ट आहे हे लोकांना कळलं होतं. होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, आणि कॅमेरा त्या माणेकशॉ व्यारावालांकडून शिकल्या. अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्ससारख्या माणसानं १९५५ पासून १९८१ पर्यंत दरवर्षी योसेमिटीत कार्यशाळा घेतल्या. नजर शिकवता येत नाही असं त्याला वाटलं असतं, तर आयुष्याची इतकी वर्षं त्यानं यात घातली नसती.

आणि दादासाहेब फाळके. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले. मुक्काम जेमतेम दोनेक आठवड्यांचा. तिथे चित्रपटनिर्माता सेसिल हेपवर्थनं आपल्या वॉल्टनच्या स्टुडिओत त्यांना सगळे विभाग फिरवून दाखवले, चित्रीकरणाचं काम प्रत्यक्ष कसं चालतं ते दाखवलं. फाळके विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी ठरवून परत आले, कुंडीतल्या बीचा अंकुर कसा वाढतो ते एकेक फ्रेम टिपत चित्रित केलं, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. माझं म्हणणं यात सगळं आलं. फाळके कोरे गेले नव्हते. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले होते, गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला होता, मुंबईत मिळेल ते वाचलं होतं. परत आल्यावर ते थांबलेही नाहीत. पण मधले ते थोडे दिवस काढून टाका आणि विचार करा. जे पुस्तकातून कळत नव्हतं ते जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून पाहायला ते समुद्रापार गेले, विम्याची पॉलिसी पणाला लावून गेले. थोड्या दिवसांचं प्रत्यक्ष शिक्षण कुचकामी असतं असं म्हणणाऱ्यानं याचं उत्तर द्यावं.

नजर घडते कशी, तेही सांगतो. मंडईतच एक स्वाध्याय असतो: एक तास, एकच लेन्स, झूम नाही, आणि एकच गाळा. पहिल्या पंधरा मिनिटांत सगळे तेच काढतात, मिरच्यांचा ढीग आणि तराजू. मग कंटाळा येतो. कंटाळ्यानंतर माणूस पाहू लागतो. मागचा लाल प्लास्टिकचा क्रेट आपल्या फ्रेममध्ये घुसलाय हे दिसतं, आणि अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की तो जातो हे कळतं. गाळ्यावरच्या मावशी दिव्याकडे तोंड करतात तेव्हा चेहरा पिवळा पडतो आणि दाराकडे वळतात तेव्हा डोळ्यांत चमक येते, हे लक्षात येतं. दुपारी सगळ्यांचे फोटो भिंतीवर एकाशेजारी एक लावतो. एकच मावशी, तोच तास, आणि दहा-बारा जणांनी पाहिलेल्या दहा-बारा गोष्टी. एकीनं फक्त त्यांचे हात काढलेले असतात, चिल्लर मोजताना. तो फोटो पाहून बाकीचे गप्प होतात, कारण ते हात त्यांच्याही समोर तासभर होते. ‘मला हे का दिसलं नाही?’ हा प्रश्न ज्याला एकदा पडला, त्याची नजर त्या क्षणी बदललेली असते. एकट्यानं घरी बसून हा प्रश्न पडत नाही.

मोबाइलच सगळं करतो, हा आक्षेप मी थोडक्यात घेतो. मोबाइलनं कार्यशाळेला यावं, जरूर यावं. पण मोबाइल एकामागोमाग घेतलेल्या अनेक फ्रेम जुळवून सावल्या उजळतो, कारण बहुतेकांना उजळ फोटो आवडतात असा बनवणाऱ्यांचा अंदाज आहे. तुम्हाला वाड्याच्या माजघरातला अंधार अंधारच ठेवायचा असेल, तर ते त्याला तुम्हीच सांगायला हवं: स्क्रीनवर बोट टेकवून ठेवा, एक्स्पोजर खाली ओढा. आणि त्याआधी, तो अंधार आपल्याला हवा आहे, हे ठरवायला हवं.

ज्येष्ठांच्या बोलण्यातला एक भाग मात्र पूर्ण खरा आहे आणि तो मी त्यांच्याहून मोठ्या आवाजात सांगेन. कार्यशाळेच्या नावाखाली बरंच काही वाईट चाललं आहे. हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात दीड दिवस स्लाइड्स, अधूनमधून एखाद्या लेन्सची जाहिरात, मग तयार प्रकाशयोजनेत उभी केलेली मॉडेल, तिच्यासमोर अर्धवर्तुळात वीस-पंचवीस जण, सेटिंग फळ्यावर लिहून दिलेलं, आणि शेवटी प्रमाणपत्र. घरी जाताना प्रत्येकाकडे एकच फोटो असतो, आणि तो त्यानं काढलेला नसतो. याहून वाईट प्रकार रस्त्यावर दिसतो. कॅमेरेवाल्यांचा जथा एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याला घेरतो, त्याला मान वर करा, टाळ वाजवा, पुन्हा वाजवा असं सांगतो, आणि काम झालं की नमस्कारही न करता पुढे जातो. ज्या कार्यशाळेत समोरच्या माणसाला विचारायला, त्याच्याशी दोन शब्द बोलायला आणि नको म्हटल्यावर कॅमेरा खाली ठेवायला शिकवत नाहीत, तिथे बाकी काहीही शिकवत असले तरी ती बंद पडलेली बरी. पण भोंदू वैद्य आहेत म्हणून औषधच घेऊ नका असं आपण लोकांना सांगत नाही.

तेव्हा माझा दावा मर्यादित आहे. दोन दिवसांत कुणी छायाचित्रकार होत नाही, आणि तसं आश्वासन देणारा खोटं बोलतो. दोन दिवसांत इतकंच होतं की आपल्या चार-पाच पक्क्या बसलेल्या चुका दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसतात, त्यांतल्या दोन-तीन तिथल्या तिथे सुटतात, आणि पुढचं वर्षभर रियाज कशाचा करायचा हे कळतं. महिन्याभरानं तेच लोक नवे फोटो घेऊन पुन्हा जमले, तर दुप्पट फायदा होतो. असं न जमवणारे आयोजक अर्धं काम करतात.

ज्या तरुणांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या, त्यांना विनंती आहे. कार्यशाळेची जाहिरात दिसली की आयोजकांना फोन करा आणि दोन प्रश्न विचारा. एकूण वेळेपैकी किती तास कॅमेरा आमच्या हातात असेल? आणि आम्ही काढलेले फोटो आमच्यासमोर बसून कोण तपासणार? पहिल्याचं उत्तर निम्म्याहून कमी आलं, किंवा दुसऱ्याला नाव सांगता आलं नाही, तर पैसे देऊ नका. दोन्ही उत्तरं पटली तर नाव नोंदवा, आणि यंदा घ्यायची ठरवलेली नवी लेन्स पुढच्या वर्षावर ढकला.